वाढत्या वयाचे मूल इस्पितळात असते तेव्हा



या पानावर आपण बहुधा भातावरचा करपा, जनावरांची लाळ-खुरकूत, विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर अशा गोष्टी बोलतो. या खेपेस विषय निराळा घेतला आहे. चौदा, पंधरा, सोळा वर्षांचे मूल मोठ्या आजाराने महिनोन्‌महिने इस्पितळात असले, तर आईबापांनी आणि गावाने त्याला आधार कसा द्यावा, असे आपल्या धर्मग्रामातील काही आयांनी विचारले आहे. तान्ह्या बाळाचे आजारपण आपल्याला ठाऊक असते, म्हाताऱ्यांचेही ठाऊक असते. या मधल्या वयाच्या आजाऱ्याशी वागताना मात्र जाणती माणसेही गोंधळतात.

उदाहरणासाठी मी एकच आजार घेतो : रक्ताचा कर्करोग. त्यातही मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारी जात, जिला डॉक्टर मंडळी ‘अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया’ किंवा थोडक्यात ए.एल.एल. म्हणतात. मूत्रपिंडाच्या, हृदयाच्या किंवा दुसऱ्या लांबलेल्या आजाराने खाटेला खिळलेल्या मुलांनाही पुढचे बरेचसे लागू पडेल.

आजार काय असतो

आपले रक्त हाडांच्या आतल्या मगजात तयार होते. भाताचा तरवा जसा वाफ्यात वाढतो, तसे. या आजारात पांढऱ्या पेशींची एक कच्ची, निरुपयोगी पिलावळ तणासारखी माजते आणि चांगल्या पेशींना जागाच उरत नाही. तांबड्या पेशी घटल्या की मूल फिकट पडते, चालताना दमते. कामाच्या पांढऱ्या पेशी घटल्या की ताप हटत नाही. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी घटल्या की हिरड्यांतून रक्त येते, अंगावर कारण नसताना काळेनिळे डाग उठतात. हाडे दुखतात, मानेत व काखेत गाठी येतात. कष्टाच्या घरात ही सगळी लक्षणे ‘ऊन लागले’, ‘वाढीचे वय आहे’ म्हणून सोडून दिली जातात. अशी दोन-तीन लक्षणे एकत्र दिसली आणि हटत नसली, तर रक्तपेशींची साधी तपासणी करून घ्यावी. तिला फार खर्च येत नाही.

हा आजार शिवल्याने लागत नाही, एका ताटात जेवल्याने लागत नाही आणि कोणाच्या करणीनेही होत नाही. आईने गरोदरपणी काय खाल्ले, याच्याशीही त्याचा संबंध जोडू नये. हे मुद्दाम लिहितो, कारण सासरमाहेरचे लोक पहिला बोल आईलाच लावतात.

१९४७ पर्यंत या आजारावर जगात कोठेही औषध नव्हते. मुले काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत जात. १९४८ मध्ये अमेरिकेतील बोस्टन शहरात डॉ. सिडनी फार्बर यांनी एका नव्या औषधाने काही मुलांचा आजार काही काळ मागे हटल्याचे दाखवले. ते औषध ज्या संशोधकांच्या गटाने तयार केले, त्याचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरमचे डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच जातीचे मेथोट्रेक्सेट आजही या मुलांना दिले जाते. दुसरे एक औषध, व्हिन्क्रिस्टिन, तर आपल्या दारातल्या सदाफुलीपासून मिळते. (म्हणून कोणी सदाफुलीची पाने चघळू नयेत किंवा काढा करू नये. पानांच्या मोठ्या ढिगातून ते औषध चिमूटभर निघते, आणि बाकी जे पोटात जाईल ते विषारी असते.) आज श्रीमंत देशांत या आजाराची दहातली सुमारे नऊ मुले बरी होतात. वाढत्या वयाच्या मुलांत हे प्रमाण कमी असते. आपल्याकडेही ते कमी पडते, आणि त्याचे एक मोठे कारण म्हणजे उपचार अर्ध्यावर सोडून देणे.

उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. पहिले काही महिने सर्वांत जड. तणनाशकाने तण मरते, पण रोपालाही काही दिवस पिवळेपण येते; तसेच हे. मुलाची तब्येत औषधाने अधिक बिघडल्यासारखी दिसते, तेव्हाच घरचे लोक घाबरून त्याला घरी नेऊ पाहतात. त्या वेळी डॉक्टरांना विचारावे, वॉर्डातल्या जुन्या आयांशी बोलावे, पण उचलून घरी आणू नये.

सुरुवातीलाच एक प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारा. पंधरा-सोळा वर्षांचे मूल काही इस्पितळांत मुलांच्या वॉर्डात जाते, काही ठिकाणी मोठ्यांच्या. दोन्हीकडे औषधांची योजना वेगवेगळी असू शकते. २००३ मध्ये फ्रान्समधील डॉक्टरांनी १५ ते २० वर्षांच्या रोग्यांची तुलना प्रसिद्ध केली. मुलांच्या पद्धतीने उपचार झालेल्यांपैकी पाच वर्षांनंतर शंभरातले ६७ जण आजार न उलटता जगत होते. मोठ्यांच्या पद्धतीने उपचार झालेल्यांपैकी ४१. अमेरिकेतही पुढे असाच अनुभव आला. तेव्हा ‘डॉक्टरसाहेब, याला मुलांच्या पद्धतीची योजना देणार का?’ असे नम्रपणे विचारण्यात काही वावगे नाही.

त्याला सांगावे की नाही

सगळ्यांत अवघड प्रश्न हाच. आपल्याकडे बाप डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगतो, ‘साहेब, पोराला काही कळता कामा नये.’ आई पदराने डोळे पुसून हसत खोलीत जाते. काका-मामा येऊन म्हणतात, ‘काही नाही रे, साधा अशक्तपणा आहे, आठ दिवसांत घरी.’ हेतू प्रेमाचाच असतो. पण मुलाला काय कळते, याचा शोध कोणी घेतला आहे का? घेतला आहे.

मायरा ब्लूबाँड-लँगनर नावाच्या एका अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी ल्युकेमियाच्या वॉर्डात कित्येक महिने मुलांबरोबर बसून काढले आणि १९७८ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. त्या काळी यातली बहुतेक मुले वाचत नसत आणि त्यांना काही सांगायचे नाही, अशीच रीत होती. मुले होती तीन ते नऊ वर्षांची. तरीही त्यांना सगळे कळलेले होते. औषधांची नावे, शेजारच्या खाटेवरचे मूल कुठे गेले, आपले काय होणार, हे सारे त्यांनी एकमेकांकडून, नर्सच्या चेहऱ्यावरून, आईच्या आवाजावरून जमवले होते. आणि आईबापांना दुःख होऊ नये म्हणून ती मुले आपल्याला काही ठाऊक नसल्याचे सोंग करीत. आई मुलासाठी सोंग करते, मूल आईसाठी. मध्ये कोणीच खरे बोलत नाही, आणि मूल आपल्या भीतीबरोबर एकटे राहते.

तीन वर्षांच्या मुलांची ही कथा, मग पंधरा वर्षांच्या आपल्या पोराची काय सांगावी? हातात मोबाईल असतो. गोळीच्या पाकिटावरचे नाव वाचून अर्ध्या तासात तो सगळे शोधून काढतो. मग ते ज्ञान मोबाईलवरच्या अर्धवट मजकुरातून मिळावे, की बापाच्या तोंडून?

तेव्हा सांगावे, हे माझे स्पष्ट मत आहे. मात्र एका दमात सगळे ओतू नये. पहिल्या दिवशी आजाराचे नाव, औषध आहे हे, आणि वेळ लागेल हे. त्याने विचारले तेवढ्याचे उत्तर, आणि ते खरे. ‘मी मरणार का?’ असे त्याने विचारले तर ‘असे अशुभ बोलू नये’ म्हणून तोंड दाबू नका. ‘तुला असे का वाटले?’ हे विचारा आणि तो काय म्हणतो ते पूर्ण ऐका. पुष्कळदा प्रश्न दुसराच असतो : उद्याची पाठीतली सुई दुखेल का, शेजारचा दादा रात्री का ओरडत होता. ठाऊक नसेल तर ‘मला ठाऊक नाही, आपण दोघे डॉक्टरांना विचारू’ एवढे पुरे. बापाला अश्रू आवरले नाहीत तरी चालेल. बापाला आपल्याबद्दल काय वाटते हे मुलाला कळण्यात तोटा नाही.

बोलण्याने मुलाचे धैर्य खचेल अशी भीती वाटते. स्वीडनमध्ये कर्करोगाने मूल गमावलेल्या आईबापांना काही वर्षांनी विचारण्यात आले, आणि २००४ मध्ये ती माहिती प्रसिद्ध झाली. १४७ जणांनी आपल्या मुलाशी मरणाविषयी बोलल्याचे सांगितले. त्यांच्यापैकी एकालाही त्याचा पस्तावा नव्हता. २५८ जण बोलले नव्हते. त्यांपैकी ६९ जणांना आपण बोलायला हवे होते असे वाटत होते. ज्यांना मुलाला मरण कळले आहे असे आतून जाणवत होते, त्यांच्यात हा पस्तावा जास्त होता. देश लांबचा खरा, पण आईबापांचे काळीज तिकडे आणि इकडे फार वेगळे नसावे.

ना लहान, ना मोठा

या वयाचे मूल घरी असते तेव्हा बैल जुंपते, दुचाकी चालवू पाहते, आईने मित्रांसमोर ‘बाळ’ म्हटलेले त्याला खपत नाही. इस्पितळात तेच मूल एका दिवसात पुन्हा तान्हे होते. आई भरवते, नर्स पुसून काढते, दहा माणसांसमोर शर्ट वर करावा लागतो. त्याचा संताप पुष्कळदा आजारापेक्षा या गोष्टीचा असतो. म्हणून जेवढे त्याच्या हाती ठेवता येईल तेवढे ठेवावे. सुई कोणत्या हाताला, आंघोळ आधी की नाश्ता आधी, कोणाला भेटायला बोलवायचे आणि कोणाला नको. तपासणीच्या वेळी पडदा ओढून घ्यायला सांगावे. डॉक्टर फेरीला आले की बापाशीच बोलतात. तेव्हा बापाने म्हणावे, ‘साहेब, त्यालाच सांगा, तो समजतो.’ दिवसातून थोडा वेळ आईने बाहेर बाकावर जाऊन बसावे. डॉक्टरांना किंवा सिस्टरना एकट्याने काही विचारायचे असेल तर त्याला ती सवड मिळते.

संतापाचे आणखी एक कारण औषधात आहे. ए.एल.एल.च्या उपचारात स्टिरॉइडच्या गोळ्या असतात. त्यांनी भूक राक्षसासारखी लागते, चेहरा फुगून गोल होतो, झोप उडते, मन घटकेत रडके घटकेत रागीट होते. ताट फेकले म्हणून ‘एवढे करतोय तरी माज’ असे म्हणू नका. गोळ्या थांबल्या की बहुतेक वेळा स्वभाव पूर्ववत होतो. मात्र मूल दिवसेंदिवस भिंतीकडे तोंड करून पडले, जगून काय करू असे बोलू लागले, तर ते डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा.

केस साधारण दोन-तीन आठवड्यांत गळू लागतात. नंतर ते परत येतात, हे आधीच सांगून ठेवावे. मुलीच्या बाबतीत हा घाव फार खोल जातो, आणि ‘जीव वाचला तर केसांचे काय’ हे वाक्य तिला कोणी ऐकवू नये. तिला ओढणी बांधायची की टोपी घालायची की तसेच राहायचे, हे तिचे तिने ठरवावे.

आणखी एक गोष्ट आयांसाठी लिहितो, फादरांनी हे लिहावे का असे वाटले तरी. प्लेटलेट कमी असताना मुलीला मासिक पाळीत फार रक्त जाऊ शकते. लाजेपायी मुली सांगत नाहीत आणि आयाही बोलत नाहीत. नर्सबाईंना लगेच सांगावे, त्यावर औषध असते. तसेच या उपचारांचा पुढे लग्न, मूलबाळ यांवर काही परिणाम होईल का, हे मुलाच्या किंवा मुलीच्या आईबापांनी औषधे सुरू होण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्यावे. नंतर विचारून उपयोग कमी.

शाळा तोडू नये. दहावीचे वर्ष गेले तरी चालेल, पण वही-पुस्तक खाटेजवळ असावे. मास्तरांनी आठवड्याला एक धडा फोनवर समजावला तर त्या मुलाला आपण अजून वर्गात आहोत असे वाटते. मित्रांना तर मुद्दाम सांगावे की फोन करा, आणि आजार सोडून बाकी सगळे बोला : व्हॉलीबॉलच्या स्पर्धेत कोण जिंकले, कोणाला मास्तरांनी बाकावर उभे केले.

उशाशी बसणाऱ्याने

एक वही करावी. तारीख, औषध, ताप, रक्ताचे आकडे, डॉक्टर काय म्हणाले. मुलाला लिहिता येत असेल तर ती वही त्यानेच लिहावी.

घरी आल्यावर सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे थर्मामीटर. पांढऱ्या पेशी पडलेल्या असताना १००.४ अंश ताप म्हणजे घरी थांबायचा ताप नव्हे. रात्र असो, पाऊस असो, इस्पितळाला फोन करून निघायचे. आधी तापाची गोळी देऊन ‘सकाळी बघू’ म्हणू नये. गोळीने आकडा उतरतो, पण आतला जंतू वाढतच राहतो आणि काही तासांत मूल हाताबाहेर जाऊ शकते. गावातल्या डॉक्टरांकडून कमरेत इंजेक्शन घेऊ नये; प्लेटलेट कमी असल्या तर आत रक्त साकळते. ॲस्पिरिन नको. झाडपाल्याचे औषध कोणी आणून दिलेच तर आधी कर्करोगाच्या डॉक्टरांना दाखवावे, कारण यकृतावर आधीच औषधांचा भार असतो.

हात साबणाने धुणे हे सगळ्या औषधांहून स्वस्त. अन्न ताजे, शिजलेले, गरम. पेज, मऊ भात, वरण, पूर्ण शिजलेले अंडे, मासळीचे कालवण चालते. कच्ची चटणी, बाहेरची कापलेली फळे, न तापवलेले दूध नको. जाड सालीचे फळ धुऊन, घरी सोलून द्यावे. तोंड आले तर मिठाच्या कोमट पाण्याने वरचेवर चुळा आणि मऊ ब्रश.

आपल्या शेतकऱ्यांसाठी एक खास सूचना. बुरशी आलेला कडबा, ओले गवत, शेणखताचा ढीग, मळणीची धूळ यांत बुरशीचे सूक्ष्म कण असतात. आपल्याला खोकल्यापलीकडे बहुधा काही होत नाही. या मुलाच्या फुप्फुसात मात्र ती बुरशी रुजून जिवावर बेतू शकते. म्हणून त्याची खाट गोठ्याला लागून असलेल्या खोलीत नको, आणि ‘मोकळी हवा खा’ म्हणून त्याला खळ्यावर पाठवणे नको. फुलांचे गुच्छही खाटेजवळ ठेवू नयेत.

पहिल्या काही महिन्यांनंतर मूल ठणठणीत दिसू लागते. केस आलेले, गाल भरलेले. तेव्हा रोजची ६-एमपी नावाची गोळी चुकू लागते, आणि ती चुकवण्यात हे वय पटाईत. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, शंभरातल्या पाचांहून अधिक गोळ्या चुकवणाऱ्या मुलांत आजार उलटण्याचा धोका कितीतरी अधिक दिसला. गोळी आईने मोजावी, पण पोलिसासारखी नव्हे. रात्रीच्या रोजरीनंतर गोळी, असे एकदा ठरले की वाद राहत नाही.

गावाने काय करावे

भेटायला जाणे म्हणजे आधार, अशी आपली समजूत. एका खाटेभोवती बारा माणसे, त्यांतली चार शिंकणारी, आणि प्रत्येकाच्या तोंडी अशाच आजाराने गेलेल्या कोणाची तरी गोष्ट. असा आधार न मिळालेला बरा. सर्दीताप असलेल्याने वॉर्डात पाय ठेवू नये. भेटणाऱ्याने दोन माणसे, दहा मिनिटे, एवढेच ठरवून जावे. खरी गरज असते ती वेगळीच.

पहिली गरज रक्ताची. या मुलांना रक्त आणि प्लेटलेट वारंवार लागतात. साठवलेले लाल रक्त पाच-सहा आठवडे टिकते. प्लेटलेट फक्त पाच दिवस. म्हणून आपल्या युवक संघाने उत्साहाच्या भरात वीस जणांना एकाच दिवशी जीपमधून नेऊ नये. नावे, रक्तगट आणि फोन नंबर यांची यादी करावी आणि रक्तपेढी सांगेल तसे दोघे-तिघे पाठवावेत. दात्याचे वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ हवे. पुरुषाने ९० दिवसांनी, बाईने १२० दिवसांनी पुन्हा रक्त द्यावे. बाप आणि सख्खे भाऊ पहिल्यांदा बाही सरसावतात, पण सख्ख्या नात्याचे रक्त या आजारात शक्यतो टाळतात. अशा रक्तावर आधी किरणांची प्रक्रिया करावी लागते. शिवाय पुढे मगज बदलण्याची वेळ आली तर तेच भावंड दाता म्हणून लागू शकते. शेजाऱ्याचे रक्त इथे भावाच्या रक्तापेक्षा उपयोगी.

दुसरी गरज शेताची. रोपलावणीच्या दिवसांत बाप बेंगळूरला आणि आई बांबोळीला खेपा घालत असेल, तर त्यांच्या वाफ्यातला तरवा कोण उपटणार? त्यांच्या म्हशी कोण पिळणार? वाड्यावरच्या चार घरांनी वार वाटून घेतले तर बापाचे मन खाटेजवळ राहते. काम झाल्यावर त्याला फोनवर सांगावे, ‘दादा, खालची पट्टी लावून झाली.’

तिसरी गरज घरी राहिलेल्या भावंडांची. त्यांना कोणी काही सांगत नाही, आजीकडे पाठवून देतात, आणि ती मनात धरतात की आपण भांडलो म्हणून दादा आजारी पडला. त्यांनाही खरे सांगावे, आणि एखाद्या रविवारी त्यांनाच जेवायला बोलवावे.

पैशाविषयी थोडक्यात. कर्नाटकात २०१८ पासून ‘आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक’ योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचा उपचार मिळतो. सीमाभागातील ८६५ गावांसाठी महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये महात्मा फुले योजना लागू केल्याचे जाहीर केले. आपल्या गावाला, या आजाराला आणि त्या इस्पितळाला काय लागू होते, ते दाखल होतानाच तेथील आरोग्यमित्राला विचारावे, रेशनकार्ड व आधारकार्ड बरोबर न्यावे. रेल्वेत कर्करोगाच्या रोग्याला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री-टियर एसीत भाडे पूर्ण माफ असते, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत मिळते. त्याचा फॉर्म इस्पितळातून भरून घ्यावा. मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात मुलाला नेले, तर राहण्याचा प्रश्न येतो. सेंट जूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था २००६ पासून कर्करोगाच्या मुलांना आईबापांसह विनामूल्य ठेवून घेते. तेथे प्रवेश इस्पितळामार्फत होतो आणि वयाचीही मर्यादा असते, म्हणून पहिल्याच आठवड्यात समाजसेवा विभागात विचारावे.

तेल, नवस आणि प्रार्थना

फादर तेलाची डबी घेऊन आले की आता संपले, ही समजूत अजून गेलेली नाही. रुग्णाभ्यंग हा केवळ मरणपंथाला लागलेल्यांसाठी नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ मध्येच सांगितले आणि १९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्याचा नवा विधी दिला. मोठ्या आजाराच्या आरंभी तो घ्यावा, पुढे आजार बळावला तर पुन्हा घेता येतो. पण मुलाला न विचारता मला बोलावू नका. मी आधी येऊन त्याच्याशी बोलेन, हे तेल कशासाठी ते सांगेन, आणि तो ‘आज नको’ म्हणाला तर आज नको. तोंड आलेले असेल तर ख्रिस्तप्रसादाचा अगदी लहान तुकडा पाण्याबरोबर घेता येतो.

या वयाची मुले मनात एक गोष्ट फार लपवून ठेवतात : मी काहीतरी वाईट केले म्हणून देवाने ही शिक्षा दिली. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी प्रभूला हेच विचारले होते, आणि त्याने तो हिशेब साफ नाकारला. मुलाशी एकांतात यावर बोलावे. ‘प्रार्थना कमी पडली’ असे तर कोणीही म्हणू नये. त्याने चिडून देवाला दोन शब्द सुनावले तरी दचकू नका, स्तोत्रकर्त्यांनीही सुनावले आहेत.

नवस आईने बोलला असेल तर तो आईचा. वेलांकणीला किंवा जुन्या गोव्याच्या फेस्ताला जायचे ते रक्ताचे आकडे वर आल्यावर, डॉक्टरांना विचारून. पेशी पडलेल्या मुलाला त्या गर्दीत नेण्याची माउलीला घाई नाही.

औषध हरते तेव्हा

सगळी मुले बरी होत नाहीत. आजार पुन्हा पुन्हा उलटला, आणि डॉक्टर म्हणाले की आता आणखी केमोने त्रासच वाढेल, तर ‘काही करायचे राहिले नाही’ असे समजू नका. दुखणे थांबवणे, धाप कमी करणे, झोप लागू देणे हे सारे करायचे असते. तीव्र वेदनेवर मॉर्फिन हे उत्तम औषध आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिले तर वेदनेच्या रोग्याला त्याचे व्यसन लागेल ही भीती धरू नये. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त दवाखान्यांना ते ठेवणे सोपे झाले आहे. वांद्र्याला १९८६ पासून शांती आवेदना सदन आहे, गोव्यात लोटली येथे त्याची शाखा आहे, बेंगळूरला करुणाश्रय आहे. येथे असाध्य कर्करोगाच्या रोग्यांकडून पैसे घेत नाहीत. घरीच राहायचे असेल तर वेदनेची औषधे, त्यांचे प्रमाण आणि रात्री फोन कोणाला करायचा, हे इस्पितळ सोडण्यापूर्वी कागदावर लिहून घ्यावे.

या दिवसांतही मुलाला विचारत राहावे. त्याला काय हवे असते ते पुष्कळदा अगदी साधे असते. ओसरीवर खाट टाकावी, कुत्र्याला आत येऊ द्यावे, अमुक मित्राला सायकल द्यावी, रात्री दिवा मालवू नये. तेवढे करावे, आणि रात्री दिव्याजवळ कोणी तरी जागे राहावे. आईला झोप मिळावी म्हणून आळीपाळीने.

रक्तदात्यांची यादी सुरू करण्यासाठी वही मिस्सानंतर सिस्टरांच्या टेबलावर ठेवलेली असेल. रक्तगट ठाऊक नसेल त्यांनीही नाव लिहावे.